सतरावा प्रश्न

१२ मे, सोमवार

दहाच्या बोटीनं दोघं आले. मुलगी नाम गा-उल, मुलगा प्यो सङ-हुन. वैद्यकीयचं पाचवं वर्ष, दोन आठवडे "सामुदायिक आरोग्य". विद्यापीठानं यंदाही विचारलं नाही, नुसतं कळवलं. या केंद्रात एकवीस वर्षं मी एकटीच — परिचारिका मीच, औषधं देणारी मीच, झाडू मारणारी मीच. आता शिकवणारीही मीच. आईची खोली रिकामी आहे, ती मुलीला दिली. मुलगा गावच्या सभागृहात झोपेल.

जेवताना कुणी बोलेना. मला बरं वाटावं म्हणून असेल, मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हाला वर्गात अशाच एका बेटावरची केस होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, समुद्रात बुडी मारून शंख काढणारी. मनगट मोडून आली आणि नंतर पोटात रक्तस्राव होऊन गेली. रोज डोकेदुखीची पूड खात होती, पण डॉक्टरांना सांगितलंच नाही."

मुलानं भर घातली. "पडद्यावर शीर्षकच होतं — माहिती लपवणारा रुग्ण. तक सर म्हणाले, लक्षात ठेवा, म्हातारी माणसं खोटं बोलतात."

मी त्यांना आणखी सूप वाढलं.

ती माझी आई. फेब्रुवारीत गेली. मे महिन्यात पडद्यावर आहे.

त्यांना काही सांगितलं नाही. त्यांना माहीत नाही, त्यांचा दोष नाही. पण आई आणि लपवणार? आईच्या पोटात काही राहत नसे. कुणाला खडकाआड शंखांची चांगली जागा सापडली तर बाकीच्या बायका मरेपर्यंत तोंड उघडत नाहीत. आईला सापडली की संध्याकाळी साऱ्या गावाला ठाऊक.

१३ मे, मंगळवार

फॉर्मचा दिवस. एक्केचाळीस प्रश्न, सगळे टॅबलेटवर. पौर्णिमेचं उधाण आहे, बुडी मारणाऱ्या बायका पाण्यात नाहीत, म्हणून गावातल्या चौदाही जणी सभागृहात आल्या. पुढे त्यांची म्होरकी ह्यन सुन-ओक. वय बाहत्तर, आईची पाण्यातली जोडीदार.

मुलगा वाकून म्हणाला, "आजी, नाव सांगा."

"आजी कुणाची? माझ्या मुलाचं अजून लग्न व्हायचंय."

सगळ्या हसल्या. "इथं सामचुन म्हणतात," ह्यन सामचुननं त्याला शिकवलं. "काकाला पण, काकूला पण. तेवढं एक शिकलास तरी पोट भरेल तुझं."

"सामचुन, गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला निराश वाटलं का?"

"आत्ता वाटायला लागलंय."

सगळ्यांचेच कान कामातून गेलेले, पन्नास वर्षं पाण्याचा दाब. प्रत्येक प्रश्न तीनदा ओरडून विचारावा लागतो. दुपारपर्यंत मुलाचा घसा बसला.

सतरावा प्रश्न — नियमित कोणती औषधं घेता? तिघींनी रक्तदाबाच्या गोळ्या सांगितल्या. अकराजणी : काही नाही.

संध्याकाळी मुलगी आकड्यांकडे बघत म्हणाली, "खरं सांगितलं असेल ना यांनी?"

मी म्हटलं, "काय विचारलंत त्यावर आहे." एवढंच बोलले. रागात जास्त बोलले की मला नीट बोलता येत नाही.

१४ मे, बुधवार

प्राध्यापक तक यांना फोन केला. आधी कागदावर लिहून घेतलं होतं, वाचूनच दाखवलं. ती केस माझी आई आहे. रुग्णानं माहिती लपवली, ही ओळ काढा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं दुःख समजतं. नाव कुठेही दिलेलं नाही. पण रुग्णालयाच्या टिपणात आहे तेच मी शिकवतो. औषधं विचारली, रुग्णानं नाही म्हटलं. टिपण ते टिपण."

"नाही म्हणणं आणि लपवणं एक नाही."

"परिणाम तोच ना, बाई?"

मी म्हटलं, "दोघांच्या प्रमाणपत्रावर माझा शिक्का लागतो. ती ओळ आहे तोवर शिक्का खणात राहील."

स्वतःच्या आवाजानं मीच दचकले. एकवीस वर्षांत वरच्या कुणाला नाही म्हटलेलं आठवत नाही.

ते म्हणाले, "मुलांचं नुकसान होईल."

होईल. आईचं झालंच आहे.

१५ मे, गुरुवार

आज शिक्षकदिन. मुलांनी कुठून तरी लाल कार्नेशनचं फूल मिळवलं, माझ्या सदऱ्याला टोचायला आली. गेल्या आठवड्यात पालकदिन झाला. यंदा फूल आणलं नव्हतं, कुणाला द्यायचं म्हणून.

"मी शिक्षिका नाही," मी म्हटलं.

मुलगा म्हणाला, "मग फूल परत घेऊ?"

बरा आहे तो. मी फूल ठेवून घेतलं. म्हटलं, "घेते. पण मग शिकवू द्या. टॅबलेट कपाटात. उद्यापासून प्रश्न विचारायचे नाहीत, त्यांनी सांगितलेली कामं करायची."

"आणि अहवाल, मॅडम?"

"तो माझ्यावर सोडा."

मनात शिक्क्याचं होतं. ते त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

१६ मे, शुक्रवार

मुलाला यांग सामचुनबरोबर मोठ्या बेटावरच्या रुग्णालयात पाठवलं. तिच्या गुडघ्याची तपासणी होती. पहिली बोट, दोन बस, तीन तास बाकावर. शेवटच्या बोटीनं परत आले. मुलगा केंद्रात आला तो खुर्चीत बसून राहिला.

"चार मिनिटं, मॅडम. आत चार मिनिटं. डॉक्टरनं मान वर केली नाही. सामचुनला एक शब्द ऐकू आला नाही, ती सारखी हो हो म्हणत होती. बाहेर आल्यावर मला विचारते, काय म्हणाला रे तो?"

"तू काय सांगितलंस?"

"मलाही कळलं नव्हतं."

"वारा सुटला की बोट बंद. मग आठ-आठ दिवस तेवढंही नाही," मी म्हटलं.

त्यानं वहीत काही लिहिलं नाही. बरं वाटलं.

१८ मे, रविवार

उधाण उतरलं. आजपासून बायका पाण्यात.

सकाळी सहाला दोघांना घेऊन दगडी आडोशापाशी गेले. आता हीटरची खोली आहे, पण जुन्या बायका अजून तिथेच शेकोटीभोवती कपडे बदलतात. बसायच्या जागाही ठरलेल्या. वाऱ्याची बाजू सोडून, ह्यन सामचुनच्या उजवीकडे आईचा दगड. कुणी बसलं नव्हतं. मीही बसले नाही. मुलगा बाहेर लाकडं फोडत होता.

रबरी पोशाख चढवून झाले. मग प्रत्येकीनं पिशवीतून कागदाची पुडी काढली, टोक फाडलं, मान मागे टाकली, पांढरी पूड जिभेवर घेतली, वर घोटभर पाणी. कुणाचं बोलणं थांबलं नाही. चूळ भरावी तितकं सहज.

गा-उल बघतच राहिली. "सामचुन, हे काय?"

"पूड."

"कसली?"

"पाण्यात उतरायची. नाहीतर खाली डोकं फुटतं, वर आलं की कान ठणकतात."

"रोज?"

"पाण्यात असू त्या रोज. एक आत्ता, एक मधे. थंडी जास्त असली तर आणखी एक."

"पण फॉर्मवर तुम्ही म्हणालात औषध काही नाही —"

"अगं पोरी," ह्यन सामचुन म्हणाली, "तू औषधाचं विचारलंस. औषध आजारी माणूस घेतं. आजारी असते तर इथं काय करत असते?"

सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, "उद्या हिला सांगा, रबरी चड्डी पण औषधच."

गा-उल हसली नाही. तिनं आवाज चढवला. "मग मंगळवारी लपवलं नाहीत तुम्ही?"

"कोण लपवतंय? तुझ्यासमोर तर खाल्ली." मग ह्यन सामचुननं माझ्याकडे हनुवटी केली. "हिच्या आईला विचारलं असतंस तर तिनं तुला एक देऊनच ठेवली असती. मनगट मोडून त्या रुग्णालयात गेली आणि मेली. त्यांचं इंजेक्शन वर, आपली पूड खाली. पोट फाटलं."

मी समुद्राकडे बघत होते. गा-उलचं तोंड मला दिसलं नाही.

बायका पाण्यात गेल्या. तिनं विचारलं, "मॅडम, ती केस —"

"हो," मी म्हटलं.

१९ मे, सोमवार

सकाळी दोघं दारात उभी, हात जोडल्यासारखे पुढे धरून. माफी पाठ करून आली होती. मी म्हटलं, माफी राहू दे, लसूण सोला. सोलता सोलता सांगितलं. कुणाला असं सलग पहिल्यांदाच.

एकवीस जानेवारी. ओल्या खडकावरून आई घसरली, डावं मनगट मोडलं. मी बोटीनं नेलं. डॉक्टर तरुण होता, चेहऱ्यावर मुखपट्टी. औषधं कोणती घेता, त्यानं विचारलं. आई म्हणाली, काही नाही. नेहमीसारखं, तुटक. मी शेजारी उभी होते. मी मधे बोलले नाही. दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. रात्री हात ठणकला की आई गोळीबरोबर पूडही घ्यायची. आठव्या दिवशी काळी शी झाली, तिनं मला दोन दिवसांनी सांगितलं. तेव्हा वारा होता. तीन दिवस बोट नव्हती.

मुलानं विचारलं, "पुन्हा कुणी विचारलं नाही? दुसऱ्या शब्दांत?"

"नाही."

गा-उलनं सोललेला लसूण बाजूला केला आणि वहीत एक ओळ लिहिली. मग दोघं वादाला बसली. मुलगा म्हणे, "वेदनाशामक घेता का" असं विचारू. ती म्हणे, "तुझ्या वेदनाशामकाला इथं कोण ओळखतं?" शेवटी ठरलं : पाण्यात उतरण्याआधी तोंडात काय टाकता?

दुपारी बायका वर आल्यावर विचारलं. चौदांपैकी बाराजणी : पूड. रक्तदाबाच्या तिघीसुद्धा त्यात. चौघी म्हणाल्या, हल्ली पोटात जळतं. यू सामचुन म्हणाली शी काळी होते, वर्ष झालं. मला सांगितलं नव्हतं. मी तिला दर महिन्याला भेटते.

तिला उद्याच्या बोटीनं पाठवते. बरोबर गा-उल जाईल. आत डॉक्टरला मान वर करायला लावीन म्हणाली.

२० मे, मंगळवार

यू सामचुनच्या पोटात व्रण निघाला. रक्त चढवलं. वाचेल. गा-उलनं डॉक्टरला पुडीच नेऊन दाखवली होती.

२१ मे, बुधवार

विद्यापीठाचं पत्र. शुक्रवारी सादरीकरण ठरलेल्या नमुन्यातच हवं, सतराव्या प्रश्नाचं उत्तर फॉर्मप्रमाणे — एकोणऐंशी टक्के, औषधं नाहीत. स्वतः घडवलेले प्रश्न ग्राह्य नाहीत.

आता सांगणं भाग होतं. शिक्क्याचं दोघांना सांगितलं. तुम्हाला न विचारता तुम्हाला ओलीस धरलंय, म्हटलं. मला वाटलं चिडतील. चिडायला हवं होतं.

मुलगा म्हणाला, "माझी आई मला ठार मारेल."

गा-उल म्हणाली, "मारू दे. मॅडम, शिक्का मारू नका."

"वर्ष जाईल तुमचं."

"जाईल तर इथंच येऊन परत करू. सामचुन म्हणायला तर शिकलोय." आणि मुलाला कोपरानं ढोसलं. "हो ना?"

"माझी आई बोटीनं इथं येईल मारायला," तो म्हणाला. पण नमुन्याची फाईल त्यानंच बंद केली.

मी बाहेर जाऊन कपडे वाळत घातले. कोरडेच होते, तरी पुन्हा वाळत घातले.

२३ मे, शुक्रवार

तक सर स्वतः आले. भर समुद्रात लाटा होत्या, तरी आले. पन्नाशीचा माणूस, नीटनेटका. मला आधी वाकून नमस्कार केला, आईबद्दल दोन वाक्यं बोलले. मनापासून बोलले असावेत. मला त्यांचा राग धरून ठेवायला जड गेलं, पण धरला.

सभागृहात बायका थेट पाण्यातून आलेल्या, केस ओले. गा-उलनं दोन रकाने दाखवले. डावीकडे, औषध घेता का : तीन. उजवीकडे, तोंडात काय टाकता : बारा. बायका त्याच, आठवडा एकच. मग म्हणाली, "सर, आम्ही आलो तेव्हा आमच्याकडे शीर्षक तयार होतं. त्यामुळे आम्ही फक्त कोण खोटं बोलतंय ते शोधत होतो."

तक सर म्हणाले, "मुद्दा चांगला आहे. पण साधा प्रश्न होता. औषध म्हणजे काय हे सुशिक्षित-अशिक्षित सगळ्यांना कळतं. नाही म्हटलं म्हणजे नाही म्हटलं."

ह्यन सामचुनला नीट ऐकू आलं नाही. तिनं शेजारणीला विचारून घेतलं. मग उठली, पुढे गेली, त्यांच्यासमोर उभी राहिली.

"प्राध्यापकसाहेब, तब्येत कशी?"

"छान आहे, सामचुन." त्यांना शब्द ठाऊक होता.

"औषध काही घेता?"

"नाही, देवाच्या दयेनं काही नाही."

"आज पण नाही?"

"नाही हो."

तिनं हात वर केला आणि त्यांच्या कानामागे बोट लावलं. "मग हे काय चिकटवलंय? जखम झालीय?"

बोटीत मळमळू नये म्हणून लावतात ती औषधाची पट्टी. त्यांचा हात आपसूक तिकडे गेला. "ही — ही बोटीसाठी —"

"आमची पाण्यासाठी," ती म्हणाली. "तुम्ही लपवलंत का?"

बायका इतक्या हसल्या की एकीला उचकी लागली. सङ-हुन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तक सरांचे कान लाल झाले. मग तेही हसले, आधी थोडं, मग चष्मा काढून. पट्टी ओढून काढली आणि हातात धरून बघत राहिले.

जाताना धक्क्यावर मला म्हणाले, "लपवणारा हा शब्द काढतो. पण मी वापरलं ते सारांश-टिपण आहे, निघतानाचं. नवी ओळ लिहायची तर पहिल्या तपासणीची मूळ नोंद बघितली पाहिजे. तुम्ही वारस म्हणून सही द्या, मी मागवतो. तुम्हालाही प्रत पाठवतो."

मी सही दिली. मग केंद्रात जाऊन दोन्ही प्रमाणपत्रांवर शिक्का मारला. दोघांच्या पिशव्यांत बायकांनी इतके शंख कोंबले की मुलाच्या पिशवीची चेन तुटली. बोट सुटली.

घरी येऊन आईच्या फोटोसमोर भात ठेवला. सांगितलं, काढली ओळ.

२४ मे, शनिवार

झोप लागली. सलग सात तास.

२७ मे, मंगळवार

पाकीट आलं. मूळ नोंद, २१ जानेवारी, ११.४०. माहिती देणारी व्यक्ती : मुलगी, परिचारिका. रुग्णास ऐकू येत नाही, प्रश्नांना फक्त मान हलवते. नियमित औषधं : मुलीच्या सांगण्यानुसार काही नाही.

चार महिने "काही नाही" म्हणणारा तो आवाज मला आईचा ऐकू येत होता.

तक सरांना लिहिलं : ओळ काढू नका. रुग्ण खोडा, तिथे परिचारिका लिहा, पुढे माझं नाव. सप्टेंबरच्या तुकडीला ही केस मी येऊन शिकवीन.